भरलेल्या गाडीचे बोल्ट

गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला जग घोट्यापर्यंतच दिसतं. शाहेरची त्याबद्दल तक्रार नव्हती. सकाळपासून अंगणात कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाशी कुजबुजायला कोपऱ्यात गेलं, हे सगळं त्याला चपलांवरून कळत होतं. लग्नघरात माणसांच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा चपलांकडे बघणं पुष्कळ सुखाचं, असं त्याचं मत होऊ लागलं होतं. आत्ता त्याच्या डोक्याशी येऊन थांबल्या त्या यम्माच्या, म्हणजे आईच्या, तपकिरी सपाता. डावी अंगठ्यापाशी फाटलेली. नातीचं लग्न उद्यावर आलं तरी म्हातारीने नवी जोडी पेटीतून काढली नव्हती.

“शाहेर, माझा नाबलुसी साबण कुठाय?”

“इथे आहे, यम्मा.”

“इथे म्हणजे कुठे?”

“गाडीत.”

“गाडीत साबण? गाडी काय आंघोळ करते?”

“बुश बसवायला लागतो. नवं रबर कोरडं आत जात नाही. फेस चोळला की सरकतं.”

“अख्खी वडी?”

“चार बुश होते, यम्मा.”

“आणि आता पाहुण्यांना हात धुवायला काय देऊ? बुश देऊ?”

सपाता तणतणत निघून गेल्या. शाहेर गाडीखालीच हसला. म्हातारीचा आवाज असा चढला म्हणजे तिचं मन थाऱ्यावर आहे असं समजायचं. काळजी वाटू लागली की ती गप्प बसायची, आणि गेला आठवडाभर ती गप्पच होती.

तिला काळजी होती ती गाडीची नव्हे, तिच्या दोन मुलांची. पण दोन्ही आता एकच झालं होतं.

हिरवी मर्सिडीज बाबांची. अम्मान ते दमास्कस आणि पुढे बैरूत, या रस्त्यावर त्यांनी अर्धं आयुष्य पाच-पाच उतारू घेऊन ती पळवली होती. घरातली प्रत्येक मुलगी याच गाडीतून सासरी गेली होती. आधी आत्या, मग बहीण नुहाद. आता थोरल्या भावाच्या, हाबिसच्या, रुझाननेही तोच हट्ट धरला होता. “आजोबांच्या गाडीतून जाईन, नाहीतर चालत जाईन,” असं तिने बापाला तोंडावर सांगितलं होतं. पण बाबा गेल्यापासून गाडी तुतीच्या झाडाखाली उभी होती, आणि मागची चाकं धरणाऱ्या दोन लोखंडी आर्मचे रबरी बुश वाळून सुक्या अंजिरासारखे चिरफळले होते. वळणावर पुढची चाकं सांगितलेल्या वाटेने जायची आणि मागची आपल्या मनाने. आणि रुझानचं सासर होतं खाली शूनाला. इथून, सल्तहून, वादी शुएबचा रस्ता धरायचा की थेट खाली नदीकाठच्या घोरच्या सपाटीपर्यंत नुसती वळणंच वळणं.

हाबिसने अट घातली होती. नुसती निरोपाने पाठवलेली अट, कारण तो धाकट्या भावाशी बोलत नव्हता. आज, गुरुवारी दुपारी, नवऱ्याकडचे लोक यायच्या आत, गाडी वादी शुएबच्या दुसऱ्या वळणापर्यंत नेऊन परत आणायची. मागून जराही हलली तर रुझान भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून जाईल आणि ही हिरवी भंगारात.

बोलणं बंद झालं होतं ते तीन वर्षांपूर्वी, बाबांच्या सुतकात. तिसऱ्या दिवशी, बिनसाखरेची कॉफी फिरत असताना, हाबिसने सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर जाहीर केलं की गाडी अम्मानच्या एका हौशी माणसाला द्यायची ठरलीय. शाहेर उठला, खुंटीवरची चावी काढून खिशात घातली आणि म्हणाला, “आधी बाबांच्या कबरीची माती तरी वाळू दे.” दुसऱ्या कुणाला कुणी असं बोललं असतं तर दोन दिवस चर्चा होऊन विरली असती. पण हाबिस म्हणजे ज्याला अर्धं सल्त आपल्या भांडणात मध्यस्थीला नेतं तो माणूस. कुणी कुठे बसायचं, पहिला पेला कुणाच्या हातात द्यायचा, वडीलधारा दारात आला की कोणी किती पावलं पुढे जायचं, हे त्याच्याकडून शिकावं. अशा माणसाला त्याच्या धाकट्या भावाने भर बैठकीत तोंडघशी पाडलं. त्या दिवसापासून शाहेरच्या तोंडून ‘खय्या’ हा शब्द गेला. लहानपणापासून तो हाबिसला खय्या म्हणजे दादा अशीच हाक मारायचा. आता हाक मारायचीच सोय राहिली नव्हती.

काळे बूट आले. पॉलिश असं की त्यात तुतीची पानं दिसावीत. तेलाच्या डागापासून दोन हात लांब ते थांबले. मागोमाग फाटक्या सपाताही आल्या. दोघं समोरासमोर आले की म्हातारी कुठूनही हजर व्हायची.

“यम्मा, त्याला विचार, झालं का?”

“शाहेर, तो विचारतोय—”

“ऐकलं, यम्मा. त्याला सांग, बुश बसले. बोल्ट आवळायचे राहिलेत.”

“बोल्ट आवळायचे राहिलेत रे, हाबिस.”

“मग आवळ म्हणावं. कुणी हात धरलाय?”

“हात कुणी धरला नाही म्हणावं. माणसं हवीत. पाच.”

“बोल्ट आवळायला पाच माणसं?” हा प्रश्न हाबिसने चुकून थेट गाडीखाली विचारला आणि लगेच सावरून घेतलं. “यम्मा, विचार त्याला, पाच माणसं कशाला.”

आता यम्माने हात टेकले. “मी काय टेलिफोन आहे? तो तिथे, तू इथे, मध्ये दोन हात जागा. मला भाताकडे बघायचंय.”

पण ती गेली नाही. शाहेर सरपटत बाहेर आला, उठून बसला आणि आईकडेच बघत बोलू लागला.

“यम्मा, बाबा कसे करायचे ते त्याला आठवत असेल. भरलेल्या गाडीचे बोल्ट भरलेल्या गाडीतच आवळायचे. बोल्ट आवळला की रबर त्या जागी घट्ट धरलं जातं. गाडी रिकामी असताना, वर उचललेली असताना आवळलं, तर माणसं बसली की गाडी खाली दबते आणि आतलं रबर पिळवटतं. मग उद्या नाही तर महिन्याभराने ते फाटणारच. म्हणून बाबा सगळ्यांना आत बसवायचे. शेजारच्यांनासुद्धा. तो थोरला म्हणून पुढच्या सीटवर बसायचा, ऐटीत. मी बाबांबरोबर खाली.”

हाबिसच्या कपाळावरची आठी क्षणभर सैल झाली. आठवत होतं त्याला. सोनेरी काठाचा झगा खांद्यावर सारखा करत तो म्हणाला, “बसवा ज्यांना बसवायचं त्यांना. मी बसणार नाही. हाजी सत्ताम कुठल्याही क्षणी येतील. मुलीचा बाप त्यांना दारात दिसला पाहिजे, खटाऱ्यात नव्हे.”

हाजी सत्ताम म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा. उद्याची वरात कशी निघणार, कोणाची गाडी पुढे, कोणाची मागे, हे ठरवायला ते येणार होते.

नुहाद तेवढ्यात भरल्या द्राक्षपानांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. दोघांची ही एकुलती बहीण. जन्मात कधी कुणाची बाजू तिने पूर्ण घेतली नाही आणि कुणाची सोडलीही नाही. तिच्या मागे तिचा नवरा फव्वाज, ताटावर नजर ठेवून.

“बसायचंय ना?” फव्वाज म्हणाला. “मी बसतो. वजनाचं काम म्हणजे माझं काम. ताट घेऊन बसू का?”

“ताटाशिवाय बस,” नुहाद म्हणाली. “ताट धरलं तर तुझं वजन बसल्या बसल्या वाढेल, शाहेरचा हिशेब चुकेल.”

गाडीची चारही चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, म्हणजे खाली माणूस मावेल आणि भार मात्र चाकांवरच राहील. रुझान मेंदी लावायच्या आधीच धावत आली आणि पुढे डावीकडे, स्टिअरिंगचं चाक धरून बसली. तिच्या शेजारी, उद्या नवरी बसणार त्या जागी, यम्मा. मागे डावीकडे नुहाद, मधे फव्वाज. उजवीकडची जागा रिकामी राहिली. उद्या तिथेच, मुलीच्या मागे, हाबिस बसणार होता.

“तिथे काय ठेवू?” शाहेरने विचारलं.

 मग फव्वाजने उद्याच्या जेवणाच्या तांदळाचं एक पोतं ओढत आणलं आणि शेजारी बसवलं.

“घ्या, हाबिस आला,” नुहाद म्हणाली. “हा जास्त बरा. न बोलता निदान बसलाय तरी.”

रुझान खो खो हसली. काळे बूट वळून दाराकडे चालू लागले. पण आत गेले नाहीत, पायरीवर थांबले. शाहेरने खाली सरकताना तेवढं पाहून घेतलं.

खाली गेल्यावर त्याने पान्याला पाण्याच्या पाइपचा तुकडा लावला, म्हणजे लांब दांडा मिळून जोर पुरतो. डाव्या आर्मचे दोन्ही बोल्ट मनासारखे आवळले गेले. वरून आवाज येत होते. फव्वाज द्राक्षपानं मागत होता, यम्मा त्याला उद्याचं उद्या म्हणत होती, रुझान विचारत होती की आजोबा वळणावर खरंच गाणं म्हणायचे का. “म्हणायचे,” यम्मा म्हणाली, “आणि उतारू उलट्या करायचे.” शाहेरला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी या गाडीत माणसांचा आवाज होता.

उजवीकडचा आतला बोल्ट झाला. बाहेरच्याला पाना लावून त्याने दोन्ही हातांनी सगळं अंग टाकलं, तोच फाटक करकरलं आणि रस्त्यावरून एक जाडा, खरखरीत आवाज आला.

“घरात कोणी आहे का?”

मिथ्काल काका. बाबांचे थोरले भाऊ, घरातला सगळ्यात वडील माणूस. आणि या घरात, या गावात, वडील माणूस आला आणि आपण बसून राहिलो असं कधी कुणी केलेलं नव्हतं. चारही दारं एकदम उघडली. यम्मासुद्धा, जिला गुडघ्यामुळे उठायला एरवी दोघं लागायची, ती कुणाच्या आधाराशिवाय उतरली. नुहाद उतरली, रुझान उतरली, फव्वाज उतरला, आणि तो उतरला म्हणजे गाडी केवढी वर आली असेल याचा अंदाज ज्याने फव्वाजला पाहिलंय त्याला यावा. शाहेरच्या डोळ्यांदेखत आर्म खाली झुकला, आणि त्याच वेळी त्याच्या हातातला पाना सरकत जाऊन शेवटपर्यंत घट्ट झाला.

“बसा! अरे बसा!” तो खालून ओरडला.

कुणाला ऐकू जाणार? वर खांद्यांवर मुके घेणं चाललं होतं. तब्येत कशी, पाय कसा, मुलं कशी, शेळ्या कशा, आणि पुन्हा तब्येत कशी. गाडीत एकटं पोतं तेवढं बसून राहिलं होतं.

शाहेर बाहेर आला. त्यालाही हात पुसून काकांच्या खांद्याचा मुका घ्यावा लागला. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर तुतीखाली बसले, त्यांच्या हातात कॉफी आली, आणि हाबिस मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, “यम्मा, झालं का म्हणावं? झालं असेल तर चला. दुसऱ्या वळणापर्यंत जाऊन येऊ. अजून वेळ आहे.”

शाहेर गाडीकडे बघत उभा राहिला.

बाहेरून काही दिसणार नव्हतं. एक बोल्ट चुकीच्या उंचीवर आवळला गेलाय, आतलं रबर आत्ताच पिळलं गेलंय, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या वळणापर्यंत गाडी सरळ गेली असती. उद्या शूनापर्यंतसुद्धा गेली असती, बहुतेक. नवं रबर एका दिवसात हार मानत नाही. हाबिसने मान डोलावली असती, रुझान आजोबांच्या गाडीतून गेली असती, आणि भंगाराचा विषय संपला असता. आणि तो बोल्ट पुन्हा सोडून आवळायचा म्हटलं तर सगळ्यांना परत बसवा, तोवर हाजी सत्ताम दारात, फेरी राहिली, पांढरी गाडी नक्की.

‘बहुतेक’ या शब्दाशी तो अडला. भावाची मुलगी होती ती. तिला मांडीवर घेऊन त्याने या गाडीचा भोंगा वाजवायला शिकवला होता.

“नाही झालं,” तो म्हणाला. कुणाकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तुम्ही उतरलात त्या वेळी शेवटचा बोल्ट आवळला गेला. तो सोडून परत आवळायला हवा. परत बसायला हवं.”



“म्हणजे माझ्यामुळे?” मिथ्काल काका कॉफीचा पेला खाली ठेवत म्हणाले.

“छे, काका, तुमच्यामुळे कसं? तुम्ही घर पवित्र केलंत,” नुहाद घाईने म्हणाली. “आमच्याच पायांना सवय. कुणी आलं की पाय आपोआप उठतात.”

“यम्मा,” हाबिसचा आवाज थंड होता, “त्याला सांग, आता वेळ नाही. पांढऱ्या गाडीवाल्याला मी फोन करतो.”

“बाबा.” रुझान मधे आली. “फोन करू नका. आधी मला एक सांगा. उद्या तुम्ही माझ्या मागे बसणार ना?”

“बसणार.”

“आणि तिथे आज पोतं आहे. तुमचं वजन पोत्याएवढं आहे?”

फव्वाजला हसू आलं, नुहादने त्याच्या पायावर पाय दिला.

“तुमच्या जागी पोतं बसवून आवळलेली गाडी तुम्ही बसल्यावर आणखी दबणारच,” रुझान म्हणाली. “म्हणजे तो बोल्ट आधीही बरोबर आवळला जाणार नव्हता. शाहेरकाकाने तुम्हाला म्हटलं नाही, कारण तुम्हाला काही म्हणायची सोयच ठेवली नाहीये तुम्ही. उजवीकडचे दोन्ही परत करायला हवेत. हो ना, काका?”

शाहेरने मान हलवली. खरंच होतं ते. पोतं हलकं पडतंय हे त्याला बसवतानाच कळलं होतं, आणि तरी तो मूग गिळून बसला होता.

हाबिस मुलीकडे बघत राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीवर ओरडायचं नाही, हा त्यानेच कितीजणांना शिकवलेला नियम. शेवटी मिथ्काल काकांनी खुर्चीतून काठी उचलून पोत्याकडे रोखली.

“उतरवा त्याला,” ते म्हणाले. “तांदूळ भिजायला घाला, आणि ज्याची जागा आहे त्याला बसवा. मला बघून उठू नका कुणी. मी झाडाखालीच आहे.”

हाबिसने झगा गोळा केला, बूट तेलाच्या डागावरून जपून उचलला आणि मागच्या सीटवर उजवीकडे जाऊन बसला. गाडी त्या बाजूला जरा दबली. बाकीचे आपापल्या जागी गेले. शाहेर पुन्हा खाली सरकला. उजवीकडचे दोन्ही बोल्ट सोडले, गाडीचा मागचा भाग दोन-चारदा दाबून घ्यायला सांगितला, म्हणजे रबर आपली नैसर्गिक जागा घेईल. वरून फव्वाजने ते काम उत्साहाने केलं.

आता त्याच्या तोंडावर एका हाताच्या अंतरावर पत्रा होता, आणि पत्र्याच्या वर त्याचा भाऊ. इतक्या जवळ ते दोघं तीन वर्षांत आले नव्हते.  आतला बोल्ट घट्ट झाला. बाहेरच्याला त्याने पाना लावला.

आणि रस्त्यावर भोंगे वाजले. दोन गाड्या, बहुधा तीन.

फाटकाकडे पाय दिसू लागले. पुढे पांढरे, स्वच्छ, जुन्या पद्धतीचे चामडी जोडे आणि एक काठी. मागे काळ्या-तपकिरी बुटांची रांग. हाजी सत्ताम आणि त्यांच्याकडची सगळी वडील मंडळी. तुतीखालून मिथ्काल काकांची काठी टेकल्याचा आवाज आला. ते स्वतः उठत होते.

शाहेरने पान्यावरचे हात काढले. आता आशा ठेवण्यासारखं काही नव्हतं. मघा एकट्या काकांसाठी सगळे उतरले, इथे तर व्याह्यांकडचा सगळ्यात मोठा माणूस. आणि गाडीत बसलाय कोण, तर हाबिस. व्याही दारात येतात तेव्हा मुलीच्या बापाने फाटकाबाहेर जाऊन त्यांना हात द्यायचा असतो, हे त्याच्याच तोंडून शाहेरने किती वेळा ऐकलं होतं. आता गाडी वर येईल. येऊ दे. शाहेर डोळे मिटून तेवढ्याची वाट बघू लागला. त्याला रडू येत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती, पन्नाशी गाठलेल्या माणसाने गाडीखाली रडायचं म्हणजे काय.

वर दाराची कडी खटकली.

“नुहाद, बस खाली.”

“हाबिस, अरे, ते आले.”

“दिसताहेत मला. बस खाली. यम्मा, तूसुद्धा. कुणीही उतरायचं नाही.”

गाडी हलली नाही.

काठी आणि पांढरे जोडे अंगणाच्या मध्यावर येऊन थांबले. मागचे बूटही थांबले.  मुलीचा बाप मागच्या सीटवर बसून आहे, पाहुणे उभे आहेत, असं सल्तमध्ये कुणी पाहिलं नसेल.

“हाबिस!” मिथ्काल काकांचा दबलेला, घाबरा आवाज आला. “हाबिस, पोरा, उठ.”

मग काच खाली जाण्याचा आवाज आला.

“हाजी सत्ताम,” हाबिस म्हणाला, नेहमीच्याच त्या बैठकीतल्या स्वच्छ आवाजात, “तुम्ही आलात, आमचं घर उजळलं. पण मला माफ करा. मी उठलो तर गाडी वर जाईल, आणि माझा भाऊ खाली आहे. त्याचं काम होईपर्यंत मला उतरता येणार नाही.”

 शाहेरने डोळे उघडले. काठीचं टोक जमिनीवर एकदा वळलं, तिथेच रुतलं.

“कुणासाठी करतोय काम?” म्हाताऱ्याने विचारलं.

“तुमच्या नातसुनेसाठी.”

“मग बैस,” हाजी सत्ताम म्हणाले. “तू बसला आहेस तोवर आम्ही उभे राहतो.”

पांढरे जोडे शेजारी शेजारी ठेवून ते खरंच उभे राहिले, आणि मागची सगळी रांगही. कुणी खुर्ची मागितली नाही. तुतीखाली मिथ्काल काका आपल्या खुर्चीपाशी उभेच राहिले.

वर पत्र्यावर बोटांनी दोनदा टकटक झाली. अगदी बाबा करायचे तशी.

“शाहेर,” हाबिस म्हणाला. मध्ये यम्मा नाही, कुणी नाही. “आवळ. आणि मनासारखा आवळ, घाई नको. उद्या चाक तुझ्याच हातात असणार आहे.”

शाहेरने पाइपचा तुकडा धरला आणि अंग टाकलं. पाना थोडा सरकला, मग आणखी थोडा, आणि मग जागच्या जागी ठाम झाला. बोल्ट झाला होता. वर सगळे वाट बघत होते, अंगणात व्याही उभे होते, आणि तरी तो एक क्षण काही बोलला नाही. भाऊ वर बसलेला आहे तो आणखी एक क्षण बसू दे, एवढंच त्याला वाटलं.

“झालं का रे?”

“झालं, खय्या,” शाहेर म्हणाला. “उतर आता.”